आधी सांडायचं, मग भरायचं

"काऊन वं पोरी, पानी कायले सांडून रायली?"

मे महिन्यातली सकाळ. साडेआठच वाजले असतील, पण केळापूर तालुक्यातलं ऊन साडेआठलाच डोक्यावर येऊन बसतं. कोलाम आदिवासींचं तीसेक घरांचं पोड, म्हणजे वस्ती, त्यात एकच चालू हापशी. हापशीपुढे गुंडांची, म्हणजे कळश्यांची, आणि बादल्यांची रांग, आणि त्या रांगेच्या पुढे घुसून, पाण्याचा नमुना घ्यायला आलेली मी, दांडा मारत होते. येणारं पाणी सरळ नालीत जात होतं. विचारणाऱ्या आजीचा गुंड रांगेत पहिला होता. तिच्या जागी मी असते तर यापेक्षा वाईट शब्दांत विचारलं असतं.

उत्तर मला ठाऊक होतं, फक्त ते तिच्यापुढे उच्चारायची हिंमत होत नव्हती. बोअरमध्ये रात्रभर उभं राहिलेलं पाणी हे भूजल नसतं, निदान आम्हाला हवं असलेलं तरी नसतं. ते लोखंडी पाइपाला आणि सळईला लागून राहिलेलं असतं, त्यात गंज आणि जस्त उतरलेलं असतं, वरच्या भागात हवा मिसळलेली असते. तपासायचं असतं ते खडकातून नव्याने येणारं पाणी. म्हणून आधी उपसायचं, मग भरायचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की बोअरमधल्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढून टाका. हे वाक्य लिहिणाऱ्याने मे महिन्यात हापशी मारलेली नसावी. हिशेब करून बघा. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला साधारण साडेसतरा लिटर पाणी मावतं. दोनशे फूट खोल बोअर आणि पाणी वीस मीटरवर असेल, तर आत सातशे लिटर. त्याच्या तिप्पट एकवीसशे. हापशी मिनिटाला बारा-पंधरा लिटर देते, तीही मारणारा धडधाकट असला तर. म्हणजे अडीच तास दांडा मारायचा आणि दीडशे गुंड नालीत ओतायचे.

म्हणून प्रत्यक्षात वेगळं करतात. दांडा मारत राहायचं आणि दर दोन-तीन मिनिटांनी एका मगात पाणी घेऊन विद्युतवाहकता (पाण्यात क्षार किती विरघळलेत याचा अंदाज), तापमान आणि पीएच मोजायचा. त्या हापशीवर पहिल्या मगात वाहकता ११८० मायक्रोसीमेन्स आली. दहा मिनिटांनी १३४०, मग १३३८, मग १३४१. तीन वेळा आकडा जागेवर राहिला की समजायचं, आता खालचं पाणी येतंय.

आजीला मी शेवटी एवढंच म्हटलं, "आजी, गुंड लावा इकडे, यातच उपसू." रांगेतली भांडी एकेक करून तोटीखाली आली, मी आणि दोन मुलं दांडा मारत राहिलो, अधूनमधून मग पुढे करून मी आकडे लिहीत गेले. पाणी सांडलं नाही आणि माझा उपसाही झाला. अडचण वेगळीच होती. त्या हापशीच्या खांबावर लाल रंग मारलेला होता. लाल रंग म्हणजे फ्लोराईड जास्त, हे पाणी प्यायचं नाही. पोडावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. पण दुसरी हापशी मार्चमध्येच कोरडी पडली होती. ज्या पाण्याच्या दोषाचं मोजमाप करायला मी आले होते, तेच पाणी मी स्वतः हापसून लोकांच्या गुंडात भरत होते. त्या दिवशीच्या वहीत मी हे लिहिलेलं नाही. वहीत फक्त वाहकता आहे.

हे सगळं एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी चाललं होतं. केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांतले चोवीस स्रोत, दोन फेऱ्या, एक पावसाळ्याआधी आणि एक नंतर. यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग बसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर आहे. वणी-झरीकडे सरकलं की खाली चुनखडक आणि शेल लागतात. खोल बोअरमध्ये पाणी खडकाशी वर्षानुवर्षं बोलत बसतं. त्यातलं कॅल्शियम चुन्याच्या रूपाने खाली बसतं, पाणी अल्कधर्मी होतं, आणि अशा पाण्यात फ्लोराईड विरघळून टिकून राहतं. गंमत म्हणजे असं पाणी बऱ्याचदा मऊ असतं, डाळ चांगली शिजते, साबणाला फेस येतो, त्यामुळे लोकांना ते 'गोड पाणी' म्हणून आवडतंही. फ्लोराईडला रंग नाही, चव नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला १ मिलीग्राम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. लहानपणापासून जास्त पोटात गेलं तर दातांवर आडवे तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं आणि सांधे धरतात. असेच दात असलेला, एका गावातला तिशीतला तरुण मला म्हणाला, "मॅडम, म्या जिंदगीत खर्रा खाल्ला नाई, तरी पोरी पाहायला गेलो की आधी खर्रा कधी सोडता म्हून इचारतात." खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण.

नमुना घेणं म्हणजे बाटली भरून आणणं, असं मलाही वाटायचं. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिला आठवडाभर मला गावात पाठवलंच नाही, बाटल्या धुवायला बसवलं. धातूंसाठीच्या बाटल्या दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवायच्या, मग ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायच्या, उलट्या वाळवायच्या, झाकण लावून पिशवीत बंद करायच्या. जिवाणूंसाठीच्या काचेच्या बाटल्यांत सोडियम थायोसल्फेटचे थेंब, तोंडावर ब्राउन पेपर बांधून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर पंधरा मिनिटं. फ्लोराईडसाठी मात्र काच नको, प्लॅस्टिकच. एका स्रोताला तीन बाटल्या: एक लिटरची साधी, पाव लिटरची धातूंसाठी आम्ल घातलेली, आणि एक निर्जंतुक. चोवीस स्रोतांचा गुणाकार, वर प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच पाण्याचा दुसरा नमुना) आणि दिवसाला एक 'कोरा' नमुना.

कोरा नमुना म्हणजे घरून नेलेलं शुद्ध पाणी. ते विहिरीवर जाऊन उघडायचं, त्याच हवेत, त्याच हातांनी, त्याच पद्धतीने दुसऱ्या बाटलीत ओतायचं आणि बाकीच्यांबरोबर तपासणीला द्यायचं. त्यात काही सापडलं तर ते जमिनीचं नाही, तुमचं. मला हा सुरुवातीला शुद्ध वेळखाऊपणा वाटला होता. दुसऱ्या दिवशी माझं ऊर्ध्वपातित पाणी संपलं आणि मी पांढरकवड्याला बॅटरीच्या दुकानातून 'डिस्टिल वॉटर' लिहिलेला पाच लिटरचा कॅन घेतला. रात्री मुक्कामी सहज मीटर बुडवला तर वाहकता चाळीसच्या आसपास! गाडीच्या बॅटरीला ते चालत असेल. मी मात्र दिवसभर मीटरच्या कांड्या आणि गाळणीचं साहित्य त्याच पाण्याने धुतलं होतं. त्या दिवशीचे धातूंचे सगळे नमुने पुन्हा घ्यावे लागले.

पण खरी फजिती आम्लाच्या बाटल्यांची झाली, आणि ती पूर्णपणे माझ्या शिकवण्यामुळे. गावोगावी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक बरोबर यायचे. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणारे, ओटीने, म्हणजे रंगावरून क्लोरीन दाखवणाऱ्या द्रावणाने, क्लोरीन तपासणारे हेच. त्यातल्या एका भाऊंना कामाची भारी हौस. पहिल्याच स्रोतावर मी त्यांना सांगितलं, "भाऊ, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची, आत हवा राहू द्यायची नाही." हा नियम फक्त साध्या बाटलीचा, हे सांगायचं राहिलं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या हापशीवर मी जीपीएस लावून अक्षांश-रेखांश लिहीत बसले होते, तेवढ्यात त्यांनी आम्लाची बाटली उघडून, तीनदा छान विसळून, काठोकाठ भरून ठेवली. मी नायट्रिक आम्ल आधीच, लिटरला दोन मिलीच्या हिशेबाने, घालून नेलं होतं. ते सगळं नालीत. आणि पाठोपाठ निर्जंतुक बाटलीसुद्धा विसळून तयार. "झालं ना जी बरोबर?" असं त्यांनी इतक्या समाधानाने विचारलं, की रागवायचं कुणावर हेच कळेना. त्यांच्या हातांना काही झालं नाही, हे नशीब. माझ्या स्वतःच्या दोन बोटांची टोकं मात्र त्या आठवड्यात पिवळी झाली होती. नायट्रिक आम्लाचा डाग धुतल्याने जात नाही, कातडी झडेपर्यंत राहतो. त्यानंतर मी आम्लाच्या बाटलीच्या झाकणावर लाल चिकटपट्टी आणि निर्जंतुक बाटलीवर निळी चिकटपट्टी लावली, आणि नियम असा सांगितला की पट्टी असलेल्या बाटलीला फक्त मी हात लावणार.

आणखी एक नियम आमच्या भागापुरता करावा लागला. खर्रा. तळहातावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटणारी बोटं तीच, झाकण धरायला पुढे येणारी बोटंही तीच. चुना म्हणजे कॅल्शियम, आणि आम्ही कॅल्शियमच मोजायला निघालेलो! चालक काकांनी एकदा प्रेमाने झाकण धरलं आणि मी ती बाटली त्यांच्यासमोरच फेकली. काका दुपारपर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नमुना घेताना ते जीपमध्येच बसू लागले.

धातूंच्या नमुन्याबद्दल अजून एक, कारण इथे मी स्वतः खूप गोंधळले होते. आम्ल घालण्याआधी पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं. आधी आम्ल घातलं तर पाण्यातला बारीक गाळ विरघळतो आणि मातीतलं लोहसुद्धा पाण्याच्या नावावर जमा होतं. आणि आम्ल घातलंच नाही तर उलटं: बाटलीत भरताना स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातलं लोह हवा लागून तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं, भिंतीला चिकटतं, आणि तपासणीत कमी भरतं. इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजला गाळणीची चकती लावून दाबायचं. गढूळ पाण्याला तीन-तीन चकत्या लागतात, अंगठा दुखून येतो.

पीएच जागेवरच का मोजायचा, हे मला आकड्यांनीच शिकवलं. एका बोअरवर ७.२ आला. तीच बाटली दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ७.९. जमिनीखाली दाबाखाली असलेला कार्बन डायऑक्साइड वर आल्यावर सोड्याच्या बाटलीसारखा निघून जातो आणि पाणी अधिक अल्कधर्मी होतं.

विहिरीचं तंत्र वेगळं. तिथे उपसा नाही, पण पोहऱ्याने वरवरचं पाणी घ्यायचं नाही. वजन बांधलेली बाटली कडेपासून दूर सोडायची आणि फूटभर खाली गेल्यावर भरू द्यायची. आजूबाजूचं लिहायचं: कठडा आहे का, उकिरडा किती पावलांवर, गुरं कुठे बांधतात, सांडपाणी कुठे मुरतं. एका विहिरीला पोहऱ्याची दोरी युरियाच्या पोत्याच्या सुतळीची होती. खोली विचारली तर मालक म्हणाले पन्नास फूट, त्यांचे भाऊ म्हणाले साठ. मी दोन्ही लिहिलं आणि मग टेप सोडली.

सगळ्यात त्रास दिला तो बर्फाने. जिवाणूंचा नमुना चार अंशांच्या आसपास ठेवायचा आणि शक्यतो सहा-आठ तासांत, फार तर चोवीस तासांत तपासणीला लावायचा. नायट्रेटचा नमुनाही थंडच हवा, नाहीतर बाटलीतले जिवाणू ते खात बसतात. बाहेर पंचेचाळीस अंश. पहिल्या दिवशी रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी घेतली, फोडून पेटीत भरली आणि बाटल्या त्यात खोचल्या. दुपारी तीनपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि बाटल्या त्यात पोहू लागल्या. वरच्या लेबलांवर मी जेल पेनने लिहिलं होतं. त्यातच जीप पंक्चर झाली, स्टेपनीही बसलेली, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला दुसरा दिवस उजाडला.

प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी पेटी उघडली, आतल्या साध्या पाण्याच्या बाटलीत तापमापी घातली आणि मला दाखवली. एकोणीस. मग माझ्या अर्जावर वेळ पाहिली, नमुना घेतल्याची आणि दिल्याची, आणि जिवाणूंच्या रकान्यावर तिरकी रेघ मारली. मी वाद घालायचा प्रयत्न केला. ते शांतपणे म्हणाले, "मी लावून देतो, आकडा येईलही. पण तो कशाचा आकडा असेल ते तुम्हीच सांगा."

दोन बाटल्यांची लेबलं तर पुसूनच गेली होती. माझ्याकडे युक्ती होती. जागेवर मोजलेली वाहकता वहीत होती, एकीची ८७०, दुसरीची १४१०. आता मोजून ओळखता आलं असतं. सरांना फोन केला. ते म्हणाले, ओळखता येईल, पण प्रबंधात लिहिशील का की हा नमुना मी ओळखून काढला? मी दोन्ही ओतून दिल्या. तीन दिवसांनी जाऊन येऊन दीडशे किलोमीटर करून पुन्हा भरल्या. तेव्हापासून लेबलावर पेन्सिल, वर सेलोटेप, आणि झाकणावर तोच क्रमांक पर्मनंट मार्करने. पेन्सिल ओल्याने पसरत नाही. बर्फाच्या लादीऐवजी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरून ढाब्याच्या फ्रीझरमध्ये रात्रभर गोठवायच्या. त्या वितळल्या तरी पाणी त्यांच्याच पोटात राहतं.

आता त्या विहिरीचं सांगते, जिच्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं. झरीकडच्या एका गावाची सार्वजनिक विहीर. कठड्याला तडा, वीस पावलांवर उकिरडा, गुरांचा हौद लागून. आम्ही येणार हे ग्रामपंचायतीला आदल्या दिवशी फोन करून रीतसर कळवलं होतं. पोचलो तर विहिरीभोवती झाडलोट झालेली, रांगोळी काढायची तेवढी बाकी. सरपंच हार घेऊन उभे असतील की काय अशी मला भीती वाटली. पाण्याला टीसीएलचा उग्र वास. ओटीचे थेंब टाकले, तर फिकट पिवळा यायला हवा तिथे रंग गर्द नारिंगी. लिटरला ०.२ मिलीग्राम शिल्लक क्लोरीन पुरे असतो, इथे त्याच्या कितीतरी पट होता. जलसुरक्षक भाऊ हळूच म्हणाले, "सायेब म्हनले, तपासनी हाये, दोन डबे जास्त टाक."

थायोसल्फेट बाटलीतला क्लोरीन मारतं, म्हणजे वाटेत जिवाणू मरत राहू नयेत एवढंच. जे विहिरीतच मेले त्यांना ते उठवत नाही. निकाल आला: ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, नाहीत. जिवाणूंच्या बाबतीत पिण्यास योग्य. नायट्रेट मात्र मर्यादेच्या दुप्पट. मर्यादा लिटरला ४५ मिलीग्राम आहे आणि नायट्रेटला त्यात कसलीही सूट नाही. टीसीएलने नायट्रेट जात नाही. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. फ्लोराईडचंही तेच. गावोगावी 'उकळून प्यायलो तर?' हा प्रश्न इतक्यांदा आला की शेवटी मी चहाच्या पातेल्यातल्या मिठाचं उदाहरण पाठ करून टाकलं. फ्लोराईडसाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली नलगोंडा पद्धत आहे, तुरटी आणि चुना घालून फ्लोराईड खाली बसवायचं. पण ती रोज, मापाने, कुणीतरी करायला हवी.

आमच्या चोवीस स्रोतांत चित्र साधारण असं दिसलं: खोल बोअरला फ्लोराईड, उथळ विहिरीला नायट्रेट आणि जिवाणू. ज्या गावाला बोअर सोडायला सांगायचं, त्याला विहिरीवर पाठवायची सोय नाही. लाल हापशीचा फ्लोराईडचा आकडा तीनच्या वर आला. आजीला सांगायला गेले तेव्हा ती म्हणाली, "लाल रंग तं मले दिसतेच. दुसरी कधी सुरू करता थे सांग." त्याचं उत्तर माझ्या प्रबंधात नव्हतं.

ऑक्टोबरच्या फेरीत मी आधी फोन करणं बंद केलं. झरीकडच्या त्या गावात सकाळी सातलाच पोचलो. विहिरीवर बाया पाणी भरत होत्या, गुरं हौदावर. ओटीचे थेंब टाकले, पाणी पाण्यासारखंच राहिलं, रंगच नाही. निळ्या पट्टीची बाटली भरली, वर बोटभर हवा ठेवली, गोठवलेल्या बाटल्यांच्या मधोमध ठेवली. दुपारी दोनच्या आत प्रयोगशाळेत. तापमापीत पाच अंश. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता सही केली.

निकाल गेल्यावर आठवड्याने सरपंचांचा फोन आला. आवाजात राग कमी, दुखावलेपण जास्त. "मॅडम, मे महिन्यात तं आमचं पाणी चांगलं होतं. आता एकदम ई. कोलाय कुठून आलं?" मी ओटीचा नारिंगी रंग आणि यावेळचा बिनरंग, दोन्ही सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "बरं, पुढच्या खेपेला कधी येता तेवढं सांगून ठेवा. म्हणजे आम्हाले तयारीत राहता येते."

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.